डोकऱ्याचा उपास

काच बंद पडलेल्या फोटोफ्रेमच्या दुकानातली,
सिलिकॉन मीच ओढलं. एक कोपरा अजून झिरपतो,
त्याखाली स्टीलची वाटी.
पाणी बोरीचं नाही, बोरीत आता वाळूही उरली नाही;
हातपंपाचं, दोन दिवस माठात ठेवलेलं,
वर देशी बदामाची वाळकी पानं
चहाचा रंग सुटेपर्यंत.

लोक म्हणतात, सोनेरी का नाही आणले?
चोपड्याचा साडू म्हणाला, कपाळ फुगलेला तो लाल मासा ठेव,
दुकान चालतं त्याने.
माझं दुकान मोटारी जळण्यावर चालतं.

हे दोघे सुपडू भोईने दिले,
बंधाऱ्याखालच्या डबक्यातले, ऑइलच्या डब्यात,
झाकणाला खिळ्याने भोकं पाडून.
वीतभरही नाहीत. पंखांच्या कडेला नारिंगी रेघ,
कुणी पिको करून दिल्यासारखी.
पैसे घेईना. म्हणाला,
"खावाले पुरतस नही, फेकाले जीव व्हस नही."

झाकणावर वीट ठेवतो.
पहिल्याच रात्री एक जण उडी मारून
वाइंडिंगच्या मशीनखाली सापडला,
अंगाला तांब्याचा चुरा, आणि जिवंत.
हवा पितो हा. लाइट गेली तरी
पंपाची वाट बघत नाही.

यांचं खाणं कूलरमध्ये पिकतं.
मागच्या खोलीतलं पाणी मी मुद्दाम बदलत नाही,
अळ्या चहाच्या गाळणीने काढतो.
नगरपालिकेच्या खैरनार मॅडम आल्या, टॉर्च मारला,
आणि चोर सापडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.
मी गाळणी टाकीत उपडी केली.
दोन मिनिटं. एक अळी शिल्लक नाही.
वहीत काय लिहावं ते त्यांना सुचेना,
तरी कूलर रिकामा करायला लावलाच,
भिंतीवर खडूने तारीख टाकली,
आणि जाता जाता विचारलं,
मादी कोणती?

मलाही कळलं नव्हतं.
मग एका दुपारी, ओलं पोतं टाकीवर टाकताना,
दोघं एकमेकांना वेढलेले दिसले,
वायरीला पीळ द्यावा तसे.
तेवढ्यात शिरूडचा एक जण जळकी पाणबुडी मोटार घेऊन आला.
परत आलो तर दोघं लांब लांब,
एक पानाआड उभा, गाल सुजलेले.

संध्याकाळी खाईना. दुसऱ्या दिवशीही नाही.
अळी नाकासमोरून गेली, डोळा तिच्यामागे फिरला,
तोंड मिटलेलंच.
मीठ घालू का, म्हणून सुपडूला बोलावलं.
तो वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला.
"आजारी नही शे तो. त्याना तोंडमा अंडा शेतस.
बाप शे."

मी काम करताना दातांत दोरा धरतो.
गिऱ्हाईक ओरडतं, कधी मिळेल,
मी नुसती मान हलवतो.
त्या दिवसांत डोकऱ्याकडे बघून
माझाही जबडा दुखायचा.

कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी
इंदू त्याच्या उपासाच्या खुणा करायला लागली.
सहाव्या दिवशी गाळणी धुता धुता म्हणाली,
"पल्लवीच्या वेळी तुम्ही सुरतला होतात."
रागाने नाही. तारीख सांगावी तसं.
मी म्हणालो, वाइंडिंग शिकत होतो.
ती म्हणाली, हो ना.

अकराव्या दिवशी त्याने तोंड उघडलं
आणि विडीचा धूर सुटावा तशी पोरं बाहेर आली.
चाळीस मोजली, मग सत्तेचाळीस, मग हलली सगळी.
बाप पोटात खपाटीला गेलेला,
तरी एकाकडेही भुकेने बघत नव्हता.

तेवढ्यात लाइट आली.
कूलर धडधडून सुरू झाला,
आणि सगळा धूर
होता तिथे, त्याच्या तोंडात, परत गेला.
एकच पोर कोपऱ्यात राहिलं,
झिरपणाऱ्या काचेपाशी, दिशा चुकलेलं.

इंदूने हात लांब करून
कूलरचं बटण बंद केलं.
बाहेर चव्वेचाळीस.
आम्ही दोघं घामाने निथळत उभे.